पिल्लाची न थांबणारी हगवण आणि आदेशातला एक दुर्लक्षित शब्द

सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी भटक्या कुत्र्यांसंबंधी आदेश दिला, तेव्हा पकडलेल्या कुत्र्यांबाबत तीन गोष्टी कराव्यात असे त्यात म्हटले होते : नसबंदी, जंतनिर्मूलन आणि लसीकरण. त्यानंतर रेबीजग्रस्त, रेबीजसंशयित आणि आक्रमक कुत्री वगळता बाकीच्यांना मूळ जागी सोडावे, असा तो आदेश होता. देशभर वाद पेटला तो सोडण्यावरून. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालये, बसस्थानके यांच्या आवारांपुरता वेगळा आदेश आला, तेव्हाही वाद त्याच रेषेवर राहिला. नसबंदीच्या संख्येवर महापालिका भांडल्या, रेबीजच्या लसीवर डॉक्टर बोलले. मधला शब्द मात्र कोणी उचलून पाहिला नाही. जंतनिर्मूलन म्हणजे एक गोळी, नोंदवहीत एक खूण आणि काम संपले, असाच त्याचा अर्थ गृहीत धरला गेला.

हाच अर्थ घराघरांतही रुळलेला आहे, आणि त्याची किंमत पिल्ले मोजतात. रस्त्यावरून उचलून आणलेले किंवा पैसे देऊन घेतलेले सहा-आठ आठवड्यांचे पिल्लू घरी येते. पोट नगाऱ्यासारखे, अंगावरचे केस निस्तेज, शी पातळ, कधी शेवेसारखी बुळबुळीत, कधी तिच्यात रक्ताची रेघ. पशुवैद्य जंताची गोळी देतात, दुसऱ्या दिवशी शेवयांसारखे जंत पडतात, घरातल्या सर्वांना हायसे वाटते. चार दिवस बरे जातात. तिसऱ्या आठवड्यात हगवण पुन्हा सुरू होते. पुन्हा गोळी, मग दही-भात, मग शेजाऱ्याने सांगितलेले दुसरे औषध, मग प्रतिजैविक. दोन महिन्यांनी घरातली माणसे थकतात. रोज पहाटे फरशी पुसणारी व्यक्ती कोण, यावरून कुरबुरी होतात, आणि पिल्लू ‘कमजोर निघाले’ असा शिक्का बसून ते पुन्हा रस्त्यावर किंवा एखाद्या आश्रयगृहाच्या दारात जाते. अशा बहुतेक प्रकरणांत दोष दोनपैकी एका ठिकाणी सापडतो : वेळापत्रकात किंवा निदानात. गोळी क्वचितच खोटी असते. तिच्याकडून अपेक्षा मात्र खोटी असते.

गोलकृमीचेच उदाहरण घ्यावे. टॉक्सोकारा कॅनिस हा कुत्र्यांतला सर्वांत परिचित जंत. प्रौढ मादीच्या पोटात तो एकही नसला तरी तिच्या स्नायूंत आणि इतर ऊतींत त्याच्या अळ्या निद्रिस्त पडून असतात. कुत्रीचे गर्भारपण साधारण ६३ दिवसांचे असते. त्याच्या शेवटच्या तृतीयांशात, म्हणजे ४२ व्या दिवसाच्या आसपास, या अळ्या जाग्या होतात आणि वार ओलांडून गर्भात शिरतात. पिल्लू जन्मते तेव्हाच संसर्ग घेऊन आलेले असते. जन्मानंतर अळ्या फुप्फुसांत पोहोचतात, खोकल्याबरोबर घशात येतात, गिळल्या जातात आणि आतड्यात वाढतात. पिल्लू तीन आठवड्यांचे होते न होते तोच त्याच्या विष्ठेत अंडी दिसू लागतात. उरलेल्या काही अळ्या दुधातून येतात.

आता त्या गोळीकडे पाहावे. पायरँटेलसारखे औषध आतड्यातून रक्तात फारसे शोषलेच जात नाही, आणि म्हणूनच ते लहान पिल्लांना देण्याइतके सुरक्षित असते. पण त्यामुळेच ते फक्त आतड्यात हजर असलेल्या जंतांना मारते. त्या दिवशी जी अळी फुप्फुसात किंवा यकृतात होती, ती औषधाचा अंमल ओसरल्यावर खाली उतरते आणि रिकाम्या झालेल्या आतड्यात निवांत वाढते. तिसऱ्या आठवड्यातली हगवण ही अनेकदा याच दुसऱ्या तुकडीची असते. औषध ‘लागू पडले नाही’ असे घरच्यांना वाटते. औषधाने त्याच्या वाट्याचे काम चोख केलेले असते. पुढच्या तुकडीच्या वेळी ते द्यायला कोणी नव्हते, इतकेच. म्हणून पिल्लाला दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरवड्याला, दूध सुटल्यानंतर दोन आठवड्यांपर्यंत, आणि पुढे सहा महिन्यांचे होईपर्यंत दरमहा औषध द्यावे, असे परोपजीवीशास्त्रज्ञ सांगतात. त्यामागे औषधकंपन्यांचा लोभ पाहणाऱ्यांनी अळीचे हे प्रवासवर्णन एकदा वाचावे.

अंकुशकृमीचे प्रकरण याहून निर्दय आहे. अँकायलोस्टोमा कॅनिनमच्या निद्रिस्त अळ्या आईच्या दुधातून पिल्लात जातात, आणि एकदा संसर्ग झालेली मादी पुढच्या अनेक वेतांना तो पुरवू शकते. हा जंत आतड्याच्या अस्तराला दातांनी पकडून रक्त पितो. एक कृमी दिवसाला ०.१ मिलिलिटरपर्यंत रक्त घालवू शकतो. एक किलो वजनाच्या पिल्लाच्या अंगात सगळे मिळून ८०-९० मिलिलिटर रक्त असते. पोटात असे शंभर कृमी असतील तर दिवसाला १० मिलिलिटरपर्यंत हानी होऊ शकते; हा हिशेब शाळकरी मुलालाही करता येईल. विष्ठेत अंडी दिसायला दोन-तीन आठवडे लागतात, त्यामुळे काही पिल्ले अंडी दिसण्यापूर्वीच रक्तक्षयाने दगावतात. त्या वेळी सूक्ष्मदर्शकापेक्षा पिल्लाच्या हिरड्या अधिक सांगतात. गुलाबी हिरडी पांढुरकी झाली, विष्ठा डांबरासारखी काळी झाली, की तपासणीच्या निकालाची वाट पाहत बसू नये. तो तातडीचा प्रसंग असतो आणि कधीकधी रक्त चढवण्याचाही.

इथपर्यंत दोष वेळापत्रकाचा झाला. निदानाचा दोष त्याहून अधिक आढळतो, पण त्याची चर्चा कमी होते. पिल्लाच्या आतड्यात राहणारे सगळेच परोपजीवी कृमी नसतात. जिआर्डिया हा एकपेशीय आदिजीव आहे. डच व्यापारी अँटनी व्हान लेव्हेनहूक यांनी १६८१ मध्ये स्वतःच्याच पातळ विष्ठेत तो प्रथम पाहिला असे मानले जाते. सिस्टोआयसोस्पोरा, म्हणजे पशुवैद्यांच्या बोलण्यातला ‘कॉक्सिडिया’, हाही आदिजीवच. बाजारात सर्वांत सहज मिळणाऱ्या तिहेरी जंतगोळीची एकच मात्रा जिआर्डियाला पुरत नाही, आणि कॉक्सिडियावर तर तिचा काही परिणाम होत नाही. तरीही ‘जंत गेले नाहीत वाटते’ म्हणून तीच गोळी तिसऱ्यांदा दिली जाते. कॉक्सिडियाचा जोर नेमका पिल्लाचे घर बदलते त्या सुमारास, सहाव्या-आठव्या आठवड्यात, ताणामुळे वाढतो. नव्या घराला वाटते की आपलेच अन्न बाधले.

या दोन्हींचे निदान विष्ठेच्या तपासणीशिवाय होत नाही, आणि ही तपासणी काही अवकाशविज्ञान नव्हे. मिठाच्या संपृक्त द्रावणाची घनता १.२० च्या आसपास असते. बहुतेक कृमींची अंडी त्याहून हलकी असल्याने तरंगून वर येतात आणि काचेच्या पट्टीला चिकटतात. पदवीच्या पहिल्या वर्षाचा प्राणिशास्त्राचा विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली, हातमोजे घालून, हे करू शकतो. पण त्याच मिठाच्या द्रावणात जिआर्डियाचे सिस्ट आकसून ओळखू न येण्याजोगे होतात, त्यासाठी १.१८ घनतेचे झिंक सल्फेट लागते. शिवाय ते रोज विष्ठेत पडत नाहीत. म्हणून तीन ते पाच दिवसांत घेतलेले तीन नमुने तपासावेत असा संकेत आहे. एका नमुन्यात काही दिसले नाही म्हणून ‘जंत नाहीत’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे एकदा खिडकीतून डोकावून रस्ता निर्मनुष्य आहे असे जाहीर करण्यासारखे आहे. याची दुसरी बाजूही लक्षात ठेवावी लागते : पूर्ण निरोगी पिल्लाच्या विष्ठेतही थोडे कॉक्सिडिया किंवा जिआर्डिया सापडू शकतात. उपचार पिल्लावर करायचा असतो, काचपट्टीवर नव्हे.

तपासणीचा खर्च टाळण्यासाठी अंदाजाने औषध देणे हा काटकसरीचा मार्ग वाटतो. तो महाग पडतो, आणि फक्त त्या घराला नाही. अमेरिकेत शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्यांना वर्षानुवर्षे वारंवार जंतनाशके दिली गेली, आणि त्यांच्यातून अनेक औषधांना एकाच वेळी दाद न देणारे अंकुशकृमी पुढे आले. जॉर्जिया विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये त्यांची सविस्तर नोंद केली. प्रतिजैविकांच्या गैरवापराबद्दल भारतात आता बरेच बोलले जाते. जंतनाशकांबद्दल ते बोलणे अजून सुरूही झालेले नाही. घरात मुलांसाठी आणलेली अल्बेंडाझोलची उरलेली गोळी पिल्लाला अर्धी करून देण्याची रीतही सर्रास दिसते. हे औषध कुत्र्यांच्या अस्थिमज्जेला घातक ठरल्याची उदाहरणे पशुवैद्यकात नोंदलेली आहेत.

मग दुधाचा प्रश्न. पिल्लाला दूध-पोळी किंवा दूध-बिस्कीट देणे म्हणजे माया, हे समीकरण भारतात फार जुने आहे. कुत्रीच्या दुधात लॅक्टोज साधारण साडेतीन टक्के, गाईच्या दुधात पाच टक्क्यांच्या जवळ. दूध सुटल्यानंतर पिल्लाच्या आतड्यातील लॅक्टेज हे विकर कमी होत जाते, आणि जंतांनी किंवा जिआर्डियाने खरवडलेल्या आतड्यात ते आणखी कमी असते. त्यामुळे औषधाने परोपजीवी गेले तरी दूध सुरू असेतोवर शी घट्ट होत नाही, आणि घरचे पुन्हा जंतांनाच दोष देतात. मऊ शिजवलेला भात आणि बिनमसाल्याचे उकडलेले चिकन थोडे थोडे, दिवसातून चार-पाच वेळा, आणि सोबत भरपूर पाणी, एवढ्यावर दोन-तीन आठवडे काढण्याची तयारी लागते. खरवडलेले अस्तर भरून यायला वेळ लागतो; शेवटचा जंत मेला त्या दिवशी हगवण थांबतेच असे नाही. या काळात रोज एकाच वेळी पिल्लाचे वजन करून ते लिहून ठेवणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत प्रामाणिक मोजमापाचा मार्ग आहे. शी कशीही असो, वजन वाढत असेल तर उपचार बहुधा योग्य दिशेने चालला आहे. वजन दोन दिवस सलग उतरले तर फोनवर सल्ला न घेता पशुवैद्याकडे जावे.

पिल्लू उलट्या करू लागले, खाणे सोडून निपचित पडले, दुर्गंधीयुक्त रक्ताची हगवण झाली, तर ते जंतांचे दुखणे समजू नये. पार्व्होविषाणू अशाच वयाच्या, लसीकरण अपुरे राहिलेल्या पिल्लांना गाठतो आणि एक-दोन दिवसांत जीव घेऊ शकतो. जंतांनी पोखरलेल्या पिल्लात तो अधिक उग्र होतो. ‘आधी जंत पाडू, मग पाहू’ म्हणून घालवलेला दिवस परत मिळत नाही.

घरातली स्वच्छता हा उपचाराचाच अर्धा भाग, आणि इथेही जीवशास्त्र वेळापत्रक ठरवून देते. जिआर्डियाचा सिस्ट विष्ठेतून बाहेर पडतो त्याच क्षणी संसर्गक्षम असतो, कॉक्सिडियाला एखादा दिवस किंवा थोडा अधिक वेळ लागतो, अंकुशकृमीच्या अंड्यातून निघालेली अळी सुमारे आठवड्याभरात तयार होते, गोलकृमीच्या अंड्याला किमान दोन आठवडे. म्हणजे शी तत्काळ उचलली तर या चारही शत्रूंची वाट बरीचशी अडते. उशीर झाला तर फिनाईलचा काही उपयोग नाही. गोलकृमीचे चिवट अंडे नेहमीच्या जंतुनाशकांना दाद देत नाही आणि मातीत वर्षानुवर्षे टिकते. उकळते पाणी, वाफ आणि कडक ऊन यांचा उपयोग होतो. जिआर्डियाच्या उपचाराच्या शेवटच्या दिवशी पिल्लाला अंघोळ घालावी लागते, कारण शेपटीखालच्या केसांना चिकटलेले सिस्ट चाटून ते स्वतःलाच पुन्हा बाधा करून घेते. हा सल्ला चिठ्ठीवर क्वचितच लिहिलेला असतो. पिसवांचेही तसेच. पट्टकृमीचे औषध दिले आणि पिसवा तशाच ठेवल्या, तर एक बाधित पिसू गिळली जाताच पट्टकृमी परत येतो.

मातीत टिकणाऱ्या त्या अंड्यामुळे हा विषय एका पिल्लाचा राहत नाही. टॉक्सोकाराची अळी मुलाच्या पोटात गेली तर ती प्रौढ होत नाही, पण यकृतात, फुप्फुसात, क्वचित डोळ्यात भटकत राहते. या विकाराला पॉल बीव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये नाव दिले. अंकुशकृमींतली अँकायलोस्टोमा सेलॅनिकम ही जात तर कुत्र्याच्या आणि माणसाच्या अशा दोन्ही आतड्यांत प्रौढ होते. माणसातल्या तिच्या संसर्गाची नोंद क्लेटन लेन यांनी ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये १९१३ मध्येच केली होती, शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, याच देशात. आसामच्या चहामळ्यांतील वस्त्यांत रिबेका ट्राउब आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथल्या जवळजवळ प्रत्येक कुत्र्यात माणसाला बाधू शकणारा किमान एक परोपजीवी सापडला. माणसांच्या गोलकृमीची अंडीही कुत्र्यांच्या विष्ठेत मिळाली, कारण उघड्यावरची मानवी विष्ठा कुत्री खात होती. पाठोपाठ २००४ मध्ये त्याच वस्त्यांतून जिआर्डिया कुत्र्यांतून माणसांत जात असल्याचे रेण्वीय पुरावे पुढे आले. संसर्गाची वाट दोन्ही दिशांनी वाहते. कुत्र्यांना हाकलून लावण्याची मागणी करणाऱ्यांनी आणि त्यांचे निव्वळ कौतुक करणाऱ्यांनी, दोघांनीही हे अभ्यास वाचलेले दिसत नाहीत.

भारत सरकारने २०१५ मध्ये राष्ट्रीय जंतनाशक दिन सुरू केला. १० फेब्रुवारीला १ ते १९ वयोगटातील मुलांना शाळांत आणि अंगणवाड्यांत अल्बेंडाझोल दिले जाते, अनेक राज्यांत ऑगस्टमध्ये दुसरी फेरीही होते. कार्यक्रम उत्तम आहे. कुत्र्यामुळे होणारा रेबीज २०३० पर्यंत संपवण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा २०२१ मध्ये आला, तोही आवश्यकच. रेबीज जीव घेतो, जंत सहसा घेत नाहीत, आणि प्राधान्यक्रम त्यानुसारच हवा. पण या दोन कार्यक्रमांच्या मध्ये २०१९ च्या पशुगणनेनुसार १.५३ कोटी भटकी कुत्री उभी आहेत. मुलाच्या पोटातला जंत आणि त्या मुलाच्या अंगणातल्या कुत्रीच्या पोटातला जंत ही दोन वेगवेगळ्या खात्यांची कामे झाली आहेत. ‘एक आरोग्य’ ही संकल्पना आता सरकारी भाषेत पुरती रुळली आहे. नागपूरला राष्ट्रीय एक आरोग्य संस्थेची पायाभरणीही डिसेंबर २०२२ मध्ये झाली. ती संकल्पना कसाला लावायला याहून साधा विषय मिळणार नाही.

आदेशातल्या त्या मधल्या शब्दाची खरी अडचण अशी की नसबंदीच्या मोहिमेत लहान पिल्ले आणि दूध पाजणाऱ्या माद्या सहसा पकडल्या जात नाहीत. शस्त्रक्रियेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण जंतांचा सर्वाधिक भार नेमका त्यांच्यातच असतो, आणि सर्वाधिक अंडी मातीत पडतात तीही पिल्लांच्याच विष्ठेतून. प्रौढ कुत्र्याला शस्त्रक्रियेच्या वेळी दिलेली एक गोळी त्याच्या आतड्यातले काही जंत काढते आणि ऊतींतल्या निद्रिस्त अळ्यांना सहसा स्पर्शही करत नाही. कोलकात्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील मानबी पॉल आणि अनिंदिता भद्रा यांच्या गटाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रस्त्यावर जन्मलेल्या ३६४ पिल्लांपैकी फक्त १९ टक्के प्रजननाच्या वयापर्यंत जगल्याचे दिसले. मृत्यूंचा मोठा वाटा माणसांच्याच खात्यावर होता. ज्या आठवड्यांत पिल्लू सर्वाधिक असुरक्षित असते, त्या आठवड्यांत कोणतीही सरकारी योजना त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

पोहोचणे अशक्य नाही. पायरँटेलचे द्रवरूप औषध तोंडातून देता येते. त्यासाठी ना भूल लागते, ना सुई, ना पिंजरा. गल्लीतल्या कुत्रीला रोज खाऊ घालणाऱ्या माणसांना पिल्ले कधी जन्मली, किती आहेत, कुठे लपवली आहेत हे ठाऊक असते. त्यांना पशुवैद्याच्या देखरेखीखाली वजनानुसार मात्रा आणि पंधरवड्याच्या तारखा दिल्या, तर दुसऱ्या आठवड्यापासूनचे वेळापत्रक पाळता येईल. पशुवैद्यक महाविद्यालयांना प्रत्येक शहरातून ठराविक नमुने तपासण्याचे काम दिले, तर कोणत्या भागात अंकुशकृमी अधिक, कुठे औषध निकामी होऊ लागले आहे, हे कळेल. आणि नसबंदी केंद्राच्या नोंदवहीत ‘जंतनिर्मूलन : होय / नाही’ या रकान्याऐवजी चार रकाने आखता येतील : वजन, औषधाचे नाव, विष्ठेत काय सापडले, आणि पुढच्या मात्रेची तारीख.